राउटरला लावलेली डिस्क मध्येच गायब होते, बॅकअप अर्धवट राहतो: तपासणी कुठून सुरू करायची

बऱ्याच वायफाय राउटरच्या मागे एक यूएसबी पोर्ट असतो. त्याला पोर्टेबल हार्ड डिस्क लावायची, लॅपटॉपमध्ये बॅकअपचं वेळापत्रक घालायचं आणि विसरून जायचं, अशी योजना असते. यातलं विसरून जाणं तेवढं सगळ्यांना व्यवस्थित जमतं. मग लॅपटॉप बिघडतो आणि तेव्हा कळतं, की शेवटचा पूर्ण बॅकअप गणपतीच्या आधीचा आहे.

घरगुती आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावून देण्याच्या कामात ही तक्रार मला सारखी भेटते. लग्नसराई उतरली की फोटोग्राफर मंडळींकडून, मार्चअखेर झाली की हिशेबवाल्यांकडून. बहुतेकांनी तोवर दोनपैकी एक उपाय केलेला असतो. एक तर राउटर बंद-चालू केलेला असतो, नाहीतर नवा महागडा राउटर मागवलेला असतो. पहिल्याने दोन दिवस निघतात. दुसऱ्याने पुष्कळदा तेवढेही निघत नाहीत, कारण डिस्क तीच, प्लगचा बोर्ड तोच आणि भिंतीही त्याच. म्हणून खरेदी सगळ्यात शेवटी.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

- बॅकअप सुरू होतो आणि दर वेळी साधारण तेवढ्याच वेळाने थांबतो.
- फोटो, कागदपत्रं जातात. मोठी व्हिडिओ फाइल मात्र हमखास अडकते.
- डिस्कचा दिवा लागलेला असतो, पण लॅपटॉपला ती दिसत नाही. पिन काढून घातली की दिसते.
- डिस्क चालू असताना घरातलं वायफाय रडतखडत चालतं.
- फोनला डिस्क दिसते, लॅपटॉपला नाही. किंवा विंडोज अपडेट झाल्यापासून दिसेनाशी झाली आहे.
- लाइट जाऊन आली की डिस्क गायब.
- डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक किंवा खरखर आवाज येतो.

शेवटचं लक्षण असेल आणि डिस्कवरच्या फायली दुसरीकडे कुठेच नसतील, तर पुढचं काही करू नका. डिस्क बंद करा आणि थेट 'कुठे थांबायचं' हा भाग वाचा.

आणखी एक. त्या डिस्कवर अशा फायली असतील ज्या दुसरीकडे कुठेच नाहीत, तर तपासणीच्या आधी डिस्क राउटरवरून काढा, थेट कॉम्प्युटरला लावा आणि त्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. खालच्या तपासण्यांत डिस्क पुन्हा पुन्हा बंद-चालू होणार आहे, आणि अखेरच्या घटका मोजणारी डिस्क नेमकी अशाच वेळी राम म्हणते.

फुकटातल्या तपासण्या

लॅपटॉप झोपतोय का? बॅकअप कितीला सुरू झाला आणि कितीला थांबला ते बघा. अंतर दर वेळी सारखंच असेल तर राउटरला हात लावू नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना 'स्लीप' किती मिनिटांवर आहे आणि झाकण मिटल्यावर काय होतं, ते पाहा. खरा बिघाड कधी यादृच्छिक असतो, कधी भारावर अवलंबून असतो. घड्याळ बघून मात्र तो येत नाही. डिस्कही झोपते, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काही वेळ काम नसलं की राउटर तिला फिरायचं थांबवतो आणि पुन्हा फिरायला तिला काही सेकंद लागतात. तेवढ्यात बॅकअपचं सॉफ्टवेअर 'डिस्क सापडली नाही' म्हणून मोकळं होतं. पहिल्या प्रयत्नाला अपयश आणि दुसऱ्याला यश, असं होत असेल तर हेच. राउटरच्या यूएसबी सेटिंगमध्ये ही वेळ वाढवता येते किंवा बंद करता येते.

तुम्ही नक्की कोणत्या वायफायवर आहात? फायबर जोडणी आल्यापासून हा घोळ घरोघरी आहे. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या डब्यातच वायफाय असतं. त्याचा सिग्नल आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण आपला राउटर घेऊन त्याच्या पुढे जोडतो. म्हणजे घरात दोन नेटवर्कं झाली. डिस्क आतल्या राउटरला आणि लॅपटॉप हॉलमध्ये आला की बाहेरच्या डब्याच्या वायफायवर, अशी गाठ पडली की डिस्क दिसत नाही, आणि बेडरूममध्ये गेलात की दिसते. आतल्या नेटवर्कमधून बाहेरच्याकडे जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. राउटरचं कामच ते आहे.

ओळखायचं कसं? लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला मिळालेला क्रमांक, दोन्ही खोल्यांत बघा. एका ठिकाणी १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसऱ्या ठिकाणी १९२.१६८.० ने, असं असेल तर हे दुहेरी नेटवर्क आहे. उपाय म्हणजे आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकायचा, म्हणजे सगळं एकाच नेटवर्कात येतं. मात्र काही राउटर या मोडमध्ये गेले की यूएसबीची सोय बंद करतात. तुमचा तसा निघाला तर उलट करा: कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा आणि घरातली सगळी उपकरणं आपल्या राउटरवर आणा.

याच बैठकीत आणखी एक काम उरका. बॅकअपमध्ये आयपी पत्ता टाकून डिस्क जोडली असेल आणि ती नॅस म्हणजे नेटवर्कवरच्या स्वतंत्र डब्यात असेल, तर राउटरमध्ये त्या डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर लाइट गेली-आली की डब्याला नवा पत्ता मिळू शकतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो.

मोठीच फाइल अडकते? डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का ते पाहा. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच चालते. लग्नाच्या शूटिंगची फाइल सहज त्यावर जाते. अशा डिस्कला शिव्या देऊन उपयोग नाही, फॉरमॅट बदलावा लागतो, आणि फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं, तेव्हा आधी सगळं दुसरीकडे हलवा. नवा फॉरमॅट निवडताना राउटरच्या माहितीपत्रकात काय चालतं ते वाचून घ्या. चालत असेल तर एनटीएफएस घ्या. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो, पण लिहिता लिहिता लाइट गेली तर सावरायला लागणारी नोंदवही, म्हणजे जर्नल, त्यात नसते. सारखी लाइट जाणाऱ्या गावात मी एक्सफॅट वापरू देत नाही.

वीज: निम्म्या तक्रारींचं मूळ

इथे जरा थांबून वाचा, कारण ही गोष्ट सगळ्यात जास्त चुकते आणि सगळ्यात कमी तपासली जाते.

राउटरचा काळा अडॅप्टर उलटा करा. त्यावर बारीक अक्षरात 'आउटपुट' लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे १२ वॅट. यातले बरेचसे वॅट राउटर स्वतःच खातो, वायफायवर काम जास्त असेल तर आणखी. पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती याच ताटात जेवते. सुरुवातीला फिरायला लागताना तिला ५ व्होल्टवर सुमारे १ अँपिअर लागू शकतो, म्हणजे ५ वॅट. आता यूएसबीचे नियम बघा: यूएसबी २ पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, यूएसबी ३ ने ९००. हिशेब कुठेच जुळत नाही. तरी डिस्क बहुतेक वेळा चालते, कारण एकदा फिरायला लागल्यावर तिची भूक कमी होते. मग रात्री दोन-तीन जण वायफायवर व्हिडिओ बघतात, त्याच वेळी बॅकअप लिहायला लागतो, व्होल्टेज क्षणभर खचतं आणि डिस्क उडते. ती लगेच परत येते, दिवा लागलेलाच दिसतो. पण राउटरच्या लेखी ती आता नवी डिस्क असते आणि चालू बॅकअपचा धागा तुटलेला असतो.

तपासायला कान पुरेसा आहे. घर शांत असताना डिस्क लावा आणि कान जवळ न्या. 'झूंऽऽ' आवाज चढत जाऊन स्थिर झाला पाहिजे. चढला, पडला, पुन्हा चढला तर वीज कमी पडतेय. उपाशी डिस्क कधीकधी टक-टकही करते, म्हणून मरणारी डिस्क आणि उपाशी डिस्क यांत गफलत होते. आवाज आला तर तीच डिस्क आखूड केबलने कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावून बघा, एकदाच. आवाज गेला तर दोष विजेचा. राहिला तर डिस्कचा. लगेच बंद करा. डिस्कवर एकमेव प्रत असेल तर मात्र हा एक प्रयोगही करू नका.

उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. डिस्क हबला, हब राउटरला. 'अडॅप्टरसह' असं खोक्यावर लिहिलेलंच घ्या. साधा हब एका पोर्टचे चार पोर्ट करतो, वीज तेवढीच राहते. दुसरा मार्ग, नाहीतरी मोठी डिस्क घ्यायचीच असेल तर: ३.५ इंची डिस्क घ्या, तिला स्वतःचा अडॅप्टर असतो. राउटरचा अडॅप्टर बदलायचा झाला तर व्होल्ट तेवढेच हवेत आणि पिनेची मापं व ध्रुव तेच हवेत. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असलेले चालत नाहीत.

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला असेल तर त्याचाही लेबलवरचा आकडा बघा. राउटर आणि डिस्क दोन्ही त्याच्यावर टाकायचं तर १ अँपिअरचा पुरत नाही. घरातल्या इन्व्हर्टरवर असाल तर मागे यूपीएस मोडचा खटका आहे का ते पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जी छोटी फट पडते, ती पंख्याला कळत नाही, राउटरला कळते.

लाइट गेल्यानंतरच डिस्क गायब होत असेल तर कारण थोडं वेगळं. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवर 'नीट बंद झाली नाही' अशी खूण राहते. अनेक राउटर अशी डिस्क उघडायला नकार देतात किंवा फक्त वाचू देतात. ती विंडोजला लावून दुरुस्ती करता येते, पण पुढे दिलेली आरोग्य तपासणी केल्यानंतरच. खराब डिस्कवर दुरुस्ती चालवली की होत्याचं नव्हतं होतं.

एक लॅन केबल, आणि अर्धा गुंता सुटतो

लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन केबलने राउटरला जोडा आणि बॅकअप चालवा. पूर्ण झाला तर दोष हवेतला. तरीही तुटला तर दोष डिस्क, वीज किंवा सॉफ्टवेअरचा, आणि मग चॅनेल-अँटेना यांच्या मागे एक मिनिटही घालवू नका. लॅपटॉपला लॅनचं छिद्रच नसेल तर यूएसबी-लॅन जोडणी घ्या. ती पुढेही उपयोगी पडते.

केबलवर वेगही बघा. फाइल कॉपी करताना आकडा सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडून बसला तर जोडणी १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) चालली आहे. म्हणजे राउटरचे पोर्ट तरी जुन्या वेगाचे (स्वस्त ड्युअल बँड राउटरांमध्ये हे सर्रास आढळतं), नाहीतर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात; त्यामुळे जखमी केबल चालत राहते आणि कोणाला शंका येत नाही. या वेगाने ५०० जीबीला साडेबारा तास लागतात. रात्री अकराला लावलेला बॅकअप सकाळी सातला अपुराच असणार, यात बिघाड काही नाही. पहिला पूर्ण बॅकअप डिस्क थेट लॅपटॉपला लावून करून घ्या आणि रोजची भर नेटवर्कवरून टाका. सॉफ्टवेअरला हे चालतं का ते मात्र आधी बघा. काही सॉफ्टवेअर डिस्कची जागा बदलली की सगळं पहिल्यापासून सुरू करतात.

हवेतला दोष असेल तर

डिस्क चालू असतानाच वायफाय मंदावतं, हे लक्षण ज्यांना आहे त्यांच्यासाठी: यूएसबी ३ च्या केबल आणि डिस्कमधून निघणारा विद्युत गोंगाट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. डिस्क राउटरच्या डोक्यावर, अँटेनाला टेकून ठेवलेली असते तिथे हे जास्तच जाणवतं. चांगल्या आवरणाच्या केबलने डिस्क हातभर लांब न्या आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या. काही राउटरांमध्ये यूएसबी ३ चा पोर्ट २ वर उतरवायची सेटिंग असते, तीही चालते. वेग घटतो, बॅकअप मात्र पुरा होतो.

बाकी नेहमीचंच. राउटर शू-रॅकमध्ये, टीव्हीमागे किंवा गोदरेजच्या कपाटावर ठेवू नका. २.४ वर १, ६ किंवा ११ यांतलाच चॅनेल निवडा, कारण हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर जोडणी अधूनमधून मिनिटभर पूर्ण जात असेल तर चॅनेल ५२ ते १४४ मध्ये आहे का बघा. त्या पट्ट्यात रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि असाच दुसरा चॅनेल घेतला तर बोलण्याआधी किमान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं. ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने ठरवून द्या.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक तपासा. बहुतेक घरगुती राउटरवर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात बंद खोलीतल्या पोटमाळ्यावर किती असतं ते सांगायला नको. दुपारी अडकतो आणि पहाटे नीट चालतो, असा बॅकअप असेल तर राउटर खाली उतरवा.

विंडोज अपडेटनंतर दिसेनाशी झाली

जुने राउटर फायली वाटायला एसएमबी १ ही पद्धत वापरतात. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या मोठ्या आवृत्तीपासून ती नव्या मांडणीत एक तर बसवलेलीच नसते, नाहीतर काही दिवस वापरली नाही की आपोआप निघून जाते, आणि ते योग्य आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच पद्धतीतल्या भगदाडातून. इंटरनेटवर एसएमबी १ परत चालू करायचे धडे भरपूर आहेत. चालू करू नका. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून एसएमबी २ किंवा ३ मिळतं का बघा. विंडोज ११ ची २४एच२ प्रो आवृत्ती तर पासवर्ड नसलेली पाहुणी जोडणीही नाकारते, म्हणून डिस्कला नाव-पासवर्ड द्या. फर्मवेअर येतच नसेल तर त्या राउटरचा यूएसबी पोर्ट निवृत्त झाला असं समजा. वायफायसाठी राउटर ठीक आहे, पण त्यालाही अपडेट येत नाहीत हे लक्षात ठेवा.

डिस्कचं आरोग्य

ही तपासणी राउटरवरून बहुधा होत नाही. डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'स्मार्ट' नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, बघा. चार ओळी कामाच्या: ०५ (बाद करून बदललेले सेक्टर), सी५ (संशयित सेक्टर), सी६ (वाचता न येणारे) आणि सी७ (जोडणीतल्या चुका). उजवीकडचा मूळ आकडा पाहा. सी५ किंवा सी६ शून्यापेक्षा जास्त असला तर त्या डिस्कवर बॅकअप ठेवू नका. प्रत काढा आणि डिस्क बदला. ०५ चा छोटा आकडा महिनोन्महिने तसाच असेल तर लक्ष ठेवा, वाढत असेल तर बदला. सी७ एकटाच वाढत असेल तर डिस्क नव्हे, आतली जोडणी किंवा केबल दोषी.

आता खरेदी

इथवर येऊन राउटर बदलायचाच ठरला, तर यूएसबी पोर्टकडे बघून राउटर घेऊ नका. खोक्यावरचा मोठा आकडा दोन्ही पट्ट्यांची बेरीज असतो, तोही सोडा. सगळे पोर्ट गिगाबिट, वायफाय ६, पत्ता राखून ठेवायची सोय आणि कंपनी नियमित फर्मवेअर देते का, एवढं बघा. दोन-तीन खोल्यांच्या घराला यापेक्षा जास्त लागत नाही.

साठवणुकीसाठी माझी शिफारस दोन डिस्कांचा नॅस, तोही लॅन केबलने जोडलेला. लॅपटॉप एकच असेल तर तोही नको. दोन पोर्टेबल डिस्क घ्या आणि आलटून पालटून थेट लावा. नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात त्याला रेड १ म्हणतात, आणि तो बॅकअप नाही. फाइल चुकून पुसली तर दोन्हीकडून त्याच क्षणी जाते, व्हायरसने कुलूप घातलं तर दोन्हीवर घालतो. म्हणून नॅसवरची प्रत आणखी एका डिस्कवर काढून ती डिस्क काढून ठेवायची, शक्यतो दुसऱ्या घरी. आणि नॅस इंटरनेटवर उघडा ठेवू नका; राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडू देणारी सोय, बंद करा. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह डिस्का इंटरनेटवरून फॅक्टरी रीसेट करून पुसल्या गेल्या, त्या अशा उघड्या होत्या म्हणूनच.

कुठे थांबायचं

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागत असेल तर इंटरनेट कंपनीला बोलवा. ती पिवळी फायबर वायर स्वतः सोलू-वाकवू नका. बोर्डातून चटचट आवाज येतो, अडॅप्टर हात लावू देत नाही इतका तापतो किंवा राउटरला हात लावला की झिणझिण्या येतात, तर वायरमनला आधी अर्थिंग तपासायला सांगा.

डिस्क टक-टक करते, पडलेली आहे, पाण्यात भिजली आहे किंवा कॉम्प्युटर तिचा आकार चुकीचा दाखवतो, आणि त्यातला डेटा हवा आहे, तर तिथेच थांबा. पुन्हा चालू करून बघू नका, दुरुस्तीची आज्ञा देऊ नका, उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवायचा जुना जालीम उपाय तर मुळीच नको. भिजलेली डिस्क हेअर ड्रायरने वाळवू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नको. देण्याआधी विचारा: तपासणीची फी किती, डेटा नाही मिळाला तर पैसे किती आणि डिस्क उघडायची वेळ आली तर ती धूळमुक्त जागेत उघडणार का. दर लेखी घ्या.

नॅसमधली डिस्क गेली असेल तर डिस्का बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर खण क्रमांक लिहा, आणि रीबिल्डचं, म्हणजे नक्कल पुन्हा उभी करायचं, बटण दाबू नका. पोर्टेबल डिस्क असेल तर तिचं प्लास्टिकचं आवरण, आतलं छोटं सर्किट आणि केबल सगळं सोबत द्या. काही डिस्कांमध्ये डेटा त्या सर्किटवरच कुलूपबंद होतो, आणि नुसती आतली डिस्क नेली तर रिकव्हरीवाल्याच्या हाती फक्त निरर्थक आकडे लागतात. पासवर्ड घातला असेल तर तोही कागदावर लिहून द्या.